प्रमुख पाहुण्यांनी काहीतरी मागावे

सेवाभावी क्लबच्या सभेला बोलावलेल्या वक्त्याने श्रोत्यांकडे काहीतरी मागितलेच पाहिजे, हे माझे मत अलीकडच्या काही वर्षांत पक्के झाले आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा रोटरी क्लब आहे आणि सभांसाठी वक्ते ठरवण्याची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. अशा सभांचा साचा अनेकांच्या परिचयाचा असेल. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होते, फोर वे टेस्ट ही रोटरीची चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते, वाढदिवस असलेल्यांना फूल मिळते, सचिव सूचना वाचतात, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार होतो, मग व्याख्यान, दोन-चार प्रश्न, आभार आणि जेवण. व्याख्यान रंगले असेल तर जेवताना त्याची चर्चा होते आणि पुढच्या सभेपर्यंत ते बहुतेकांच्या विस्मरणात जाते. क्लबचे सेवाप्रकल्प मात्र संचालक मंडळाच्या निराळ्या बैठकीत ठरतात, आणि ते ठरवताना महिनाभरापूर्वी कोण काय सांगून गेले याची आठवण सहसा कोणी काढत नाही. ऐकणे एकीकडे आणि करणे दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे, आणि आपल्या क्लबांच्या कामाचे सर्वांत मोठे नुकसान तिच्यामुळेच होते असे मला वाटते.

महाराष्ट्राला व्याख्याने ऐकण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये, आणि आज लहान-लहान गावांतही कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला चालते. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथला श्रोता स्वतःचे ज्ञान वाढवायला आलेला असतो आणि तो घरी जाऊन विचार करू लागला, तरी वक्त्याचे काम झाले. क्लबच्या सभेतला श्रोता निराळा आहे. गावातल्या वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे एकत्र यावीत ही रोटरीची मूळ कल्पना. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस यांनी पहिली सभा घेतली तेव्हा ते स्वतः वकील होते आणि बाकीच्या तिघांपैकी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक होता. आजही आमच्या सभेत डॉक्टर, बांधकाम कंत्राटदार, खतविक्रेते, सराफ, प्राध्यापक, मंगल कार्यालयाचे मालक आणि वाहतूकदार शेजारी शेजारी बसलेले असतात. हाताशी काही ना काही साधन असलेली इतकी माणसे एका जागी शांत बसून ऐकत असताना त्यांना नुसती माहिती देऊन घरी पाठवणे म्हणजे चालून आलेली संधी दवडणे होय.

या बाबतीत मला नेहमी आठवते ती लायन्स क्लबच्या इतिहासातली एक घटना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे ३० जून १९२५ रोजी लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांना बोलण्यासाठी बोलावले होते. १९१७ मध्ये स्थापन झालेली ती संघटना तेव्हा तरुण होती आणि ठिकठिकाणचे क्लब आपापल्या गावात आपापल्या परीने कामे करत होते. केलर यांनी आपल्या आयुष्याची कहाणी सांगून टाळ्या घेतल्या असत्या तरी श्रोते भारावून गेलेच असते. त्यांनी मात्र समोरच्या सभासदांना सरळ विचारले की अंधाराविरुद्धच्या या मोहिमेत तुम्ही अंधांचे शिलेदार व्हाल का. त्या एका मागणीने लायन्सच्या कामाला दिशा मिळाली. गावोगावची नेत्रशिबिरे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि मिरजेच्या लायन्स नॅब नेत्र रुग्णालयासारख्या संस्था यांचा धागा मागे नेत गेलो, तर तो त्या भाषणापाशी पोहोचतो. ते भाषण ऐकणाऱ्यांनी मागणी मान्य केली हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आम्ही दर सभेला जी फोर वे टेस्ट म्हणतो, ती हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये शिकागोतल्या आपल्या कंपनीसाठी लिहिली होती. आपण जे विचार करतो, बोलतो किंवा करतो ते सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, आणि ते सर्व संबंधितांच्या हिताचे ठरेल का, असे ते चार प्रश्न आहेत. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण आमच्या सेवाप्रकल्पांशी ज्यांचा संबंध असतो ते लोक आमच्या सभागृहात कधीच नसतात. आदिवासी आश्रमशाळेतली मुलगी, सरकारी दवाखान्यातला रुग्ण किंवा वाडीवर पाण्याचा हंडा वाहणारी बाई यांच्या हिताचे काय, याचा निर्णय आम्ही त्यांच्या गैरहजेरीत घेतो. पाहुणा वक्ता हा त्यांना आमच्या सभेत आणण्याचा एकमेव मार्ग आहे, आणि म्हणून वक्ता निवडणे हे कार्यक्रम सजवण्याचे काम नसून प्रकल्प निवडण्याची पहिली पायरी आहे, असे मी मानते.

आमच्या क्लबला हे पटले ते रक्तपेढीतल्या एका डॉक्टर बाईंमुळे. क्लबचे रक्तदान शिबिर वर्षानुवर्षे १५ ऑगस्टला होत असे आणि जमलेल्या पिशव्यांचा आकडा अहवालात ठळक छापला जात असे. त्या शिबिराच्या तयारीच्या निमित्ताने डॉक्टरांना बोलावले होते. त्यांनी येताना रक्ताची एक रिकामी पिशवी आणली आणि ती रांगेतून फिरवायला दिली. पिशवी रिकामी असूनही तिच्यात थोडे द्रव कसे, असे आमच्यातल्या एका कंत्राटदारांनी विचारले. डॉक्टरांनी सांगितले की रक्त गोठू नये आणि पेशी जिवंत राहाव्यात यासाठीचे ते द्रावण आहे, आणि तरीही त्या पेशी कायम टिकत नाहीत. लाल पेशी थंड ठेवल्या तर ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. मग त्या म्हणाल्या की १५ ऑगस्टला जिल्ह्यात इतकी मंडळे शिबिरे घेतात की त्या आठवड्यात आमच्याकडे ठेवायला जागा उरत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक गावाला गेलेले असतात, तेव्हा थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांना दाते शोधत फिरावे लागते. त्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. सुट्टी आहे की सण आहे, हे त्यांच्या शरीराला कळत नाही. तुम्हाला खरोखर मदत करायची असेल तर यंदा १५ ऑगस्टला शिबिर घेऊ नका, मे महिन्यात घ्या, आणि मी सांगेन त्याहून जास्त पिशव्या गोळा करू नका, असे त्यांनी सगळ्यांसमोर मागितले.

सभागृहात थोडी चुळबूळ झाली, हे मी लिहायला हवे. स्वातंत्र्यदिनाच्या शिबिराला झेंडावंदनाला आलेला सगळा गाव असतो, तरुण मंडळांचा उत्साह असतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मे महिन्याच्या उन्हात, सकाळी सात ते दहा या वेळेत, मोजक्या दात्यांना बोलावून केलेल्या शिबिराला यातले काही नसते. तरीही त्या वर्षी शिबिर मे महिन्यात झाले आणि पुढेही होत राहिले. त्याबरोबर डॉक्टरांची दुसरी मागणीही आम्ही पूर्ण केली, ती म्हणजे रक्तगटानुसार दात्यांची फोनसह यादी. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे शेवटच्या रक्तदानाची तारीख नोंदवलेली अशी यादी हाताशी असली तर एका फोनवर माणूस मिळतो. आमच्या क्लबने आजवर केलेल्या कामांत खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त असे काम कोणते, असे मला विचारले तर मी या यादीचे नाव घेईन.

प्रश्नोत्तरांच्या वेळी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मनात ती मूळ व्याख्यानापेक्षाही खोल रुतली. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. महाविद्यालयातल्या शिबिरांत उत्साहाने पुढे आलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणी या अटीवर परत पाठवल्या जातात. त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी होते, ‘रक्त कमी आहे’ असे सांगितले जाते, नोंदवहीत नावापुढे शेरा पडतो आणि विषय संपतो. शिबिराचे यश जमलेल्या पिशव्यांवरून मोजले जात असल्यामुळे या परत गेलेल्या मुलींचे पुढे काय होते, हे कोणी पाहत नाही. ‘तुमच्या गावात ज्यांना औषधाची गरज आहे त्यांची यादी तुम्ही आयती तयार करता आणि फेकून देता,’ असे त्या म्हणाल्या. त्यानंतर आमच्या सभासदांपैकी एका प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी पुढची तपासणी विनामूल्य करण्याचे मान्य केले, आरोग्य केंद्राशी बोलून लोहाच्या गोळ्यांची सोय झाली, आणि महाविद्यालयातल्या दोन प्राध्यापिकांनी तीन महिन्यांनंतरच्या फेरतपासणीसाठी मुलींचा पाठपुरावा करण्याचे काम अंगावर घेतले. चहासोबत गोळी घेतली तर लोह शरीरात नीट शोषले जात नाही, ही साधी गोष्ट त्यांच्यापैकी कित्येक मुलींना तोवर कोणी सांगितलेली नव्हती.

यानंतर वक्त्यांच्या यादीत कोणाची नावे असावीत याबद्दल क्लबमध्ये मोकळेपणाने चर्चा झाली. पदग्रहण समारंभाला नामवंत पाहुणे बोलवावेत, त्याने सभासदांना हुरूप येतो, हे मला मान्य आहे. नामवंतांनी मागणी करू नये असेही नाही. सिंधुताई सपकाळ गावोगावच्या व्यासपीठांवरून पदर पसरून मदत मागत असत, आणि आपल्या संस्थांमधल्या लेकरांचे पोट या भाषणांवर चालते हे त्या लपवत नसत. समाजकार्याचे कौतुक ऐकायला आलेल्या सभेला त्यांनी खिशात हात घालायला लावले, यात त्यांचे मोठेपण होते. परंतु वर्षभराच्या नियमित सभांना मात्र ज्याचे काम आपल्याच तालुक्यात चालते असा माणूस मला जास्त मोलाचा वाटतो. ग्रामसेवक, पशुवैद्य, अंगणवाडी सेविका, एसटीचे आगार व्यवस्थापक, पाणीपुरवठ्याचा फिटर यांना आपण व्याख्याते समजत नाही. त्यांनाही आपण वक्ते आहोत असे वाटत नाही, म्हणून बोलावणे गेले की ते प्रथम नकार देतात. त्यांना भाषण करायचे नसून आपले काम कुठे अडते तेवढेच सांगायचे आहे, असे समजावून सांगितले की बहुतेक जण येतात आणि अतिशय नेमके बोलतात.

अशाच एका सभेला आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींना आम्ही बोलावले होते. ही सूचना आमच्या क्लबमधल्या तरुण सभासद बाईंची होती, आणि इथे हेही नोंदवावेसे वाटते की जगभरातल्या रोटरी क्लबांची दारे स्त्रियांना १९८९ मध्ये अधिकृतपणे उघडली. तोवर हा विषय सभेत निघणे कठीणच होते. मावशी बोलायला उभ्या राहिल्या, माइक नको म्हणाल्या आणि अगदी थोडे बोलल्या. पहाटे पाचला घर सोडल्यापासून रात्री परत जाईपर्यंत बाजारात बाईला जायला जागा नाही, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना त्यापायी लघवीचे दुखणे लागले आहे, असे त्यांनी सांगितले. बाजाराच्या कडेला नगरपालिकेचे स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप असते. ‘नवीन बांधू नका, त्याचं कुलूप काढा आणि पाणी ठेवा,’ एवढीच त्यांची मागणी होती.

हे ‘नवीन बांधू नका’ फार महत्त्वाचे होते, कारण मावशी आल्या नसत्या तर आम्ही नवीनच बांधले असते, त्यावर संगमरवरी फलक लावला असता आणि यथावकाश त्यालाही कुलूप लागले असते. चौकशी केल्यावर कळले की कुलूप लावण्यामागे कोणाचा दुष्टपणा नव्हता. बाजाराच्या दिवशी सफाईसाठी माणूस नव्हता आणि टाकीत पाणी चढत नव्हते, त्यामुळे घाण होण्यापेक्षा बंद बरे असा विचार झाला होता. क्लबने नगरपालिकेशी बोलून फक्त बाजाराच्या दिवसापुरता टँकर, दोन सफाई कामगारांची मजुरी आणि दाराच्या कड्यांची दुरुस्ती एवढा भार उचलला. रोटरीच्या इतिहासात याला एक मोठा आधार आहे, जो मी संचालक मंडळापुढे मांडला. १९०७ मध्ये शिकागोच्या पहिल्या क्लबने हाती घेतलेला पहिला सार्वजनिक प्रकल्प हा शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचाच होता. जगभर पसरलेल्या या चळवळीने सेवेची सुरुवात ज्या कामाने केली ते काम आपल्याला कमी प्रतीचे वाटण्याचे काही कारण नाही.

मागणी मान्य करणे सोपे असते आणि ती निभावणे अवघड असते, याचे एक कारण क्लबच्या वर्षातच दडलेले आहे. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते, आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. नवे अध्यक्ष पावसाच्या तोंडावर पदभार घेतात म्हणून वृक्षारोपण हा बहुतेक क्लबांचा वर्षातला पहिला कार्यक्रम असतो. आमच्याकडे बोलायला आलेल्या एका निवृत्त वनपालांनी सांगितले की माळरानावरचे रोप जगवायचे तर किमान दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावे लागते. म्हणजे ज्या अध्यक्षांच्या हस्ते रोप लागते त्यांच्या कारकिर्दीत फक्त पहिला उन्हाळा येतो, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचा खर्च ज्यांनी करायचा त्यांना स्वतःची नवी रोपे लावायची असतात. एकेका अध्यक्षाच्या नावाने प्रकल्प ओळखण्याची ही पद्धत मला चुकीची वाटते. रोटरीचे सर्वांत मोठे काम बरोबर याच्या उलट पद्धतीने उभे राहिले. पोलिओ निर्मूलनाची पोलिओप्लस मोहीम १९८५ मध्ये जाहीर झाली, भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले २७ मार्च २०१४ रोजी. या एवढ्या काळात गावोगावच्या क्लबांत दरवर्षी अध्यक्ष बदलत गेले, पण पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसणे, गाडी देणे आणि बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करणाऱ्या सेविकांना मदत करणे कोणी थांबवले नाही. हे काम माझ्या अध्यक्षपदात सुरू झाले नाही म्हणून मी ते करणार नाही, असे कोणी म्हटले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

म्हणून आता आम्ही वक्त्याला दोनदा बोलावतो. मागणी मांडायला एकदा, आणि साधारण वर्षभराने, बहुतेकदा नव्या अध्यक्षांच्या काळात, त्या मागणीचे काय झाले हे सांगायला पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी शाल-श्रीफळ नसते. ज्यांच्यासाठी काम केले त्यांनीच येऊन हिशेब मांडल्यावर नव्या अध्यक्षांना ते काम आपलेसे करावे लागते, आणि काही वेळा ‘तुम्ही केले त्याचा उपयोग झाला नाही’ असेही ऐकावे लागते. सगळ्या मागण्या पूर्ण करता येत नाहीत, याचीही जाणीव आम्ही ठेवली आहे. ज्या मागणीला होकार देणे शक्य नाही तिचे कारण पुढच्या सभेच्या आत वक्त्याला फोन करून कळवायचे, असा नियम केला आहे, कारण नकारापेक्षा ताटकळत ठेवणे माणसाला जास्त लागते. मोठ्या रकमेच्या कामांसाठी रोटरी फाउंडेशनचे ग्लोबल ग्रँट हे अनुदान आहे. त्याचा प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि अर्ज करण्याआधी लोकांची गरज त्यांच्याकडूनच जाणून घेतल्याचा अहवाल द्यावा लागतो. ही अट अनेकांना कागदी वाटते. मला ती अतिशय योग्य वाटते, आणि लहानात लहान प्रकल्पालाही ती लावावी असे मी सुचवले आहे.

यंदाच्या वक्त्यांची यादी अर्धी ठरली आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागात बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, साखर कारखान्याच्या परिसरात कोप्या म्हणजे त्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता अशी ज्यांची मोजणी होते त्या जोडप्यांतल्या कित्येक बायका गरोदर असतानाही फडात मोळ्या उचलत असतात. त्या वस्तीत फिरणाऱ्या आशाताईंना, म्हणजे तिथल्या आशा आरोग्यसेविकेला, मी बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा त्यांनी आधी तारीख विचारली, आणि मी डिसेंबर म्हणताच दिवाळीच्या आतली तारीख मागून घेतली, कारण दिवाळीनंतर टोळ्या आलेल्या असतील आणि त्यांना उसंत नसेल. त्यांची मागणी त्यांनी मला फोनवरच सांगितली. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, पण कोप्यांपासून केंद्र लांब आहे आणि एका दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून कोणी जात नाही. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत ९ तारखेला सकाळी एक गाडी हवी. ऑक्टोबरच्या पहिल्या सभेत त्या बोलणार आहेत, आणि क्लबमधल्या वाहतूकदार सभासदांनी त्या दिवशी कृपया गैरहजर राहू नये अशी सूचना मी सचिवांकडे लेखी दिली आहे.